हातांचे ओझे

मनुष्याला दोन हात असतात ही गोष्ट सहसा त्याच्या ध्यानातच येत नाही. सकाळी उठून तो त्याच हातांनी तोंड धुतो, चहाची कपबशी उचलतो, दप्तर भरतो, सायकलीची घंटा वाजवितो. आणि हे सारे करीत असता, आपल्याला हात आहेत व त्यांचे काहीतरी करावयाचे आहे, हा विचार त्याच्या मनाला शिवतही नाही. परंतु हाच मनुष्य रंगमंचावर उभा राहिला आणि समोरच्या काळोखातून शेकडो डोळे आपल्याकडे लागले आहेत असे त्याला जाणवले, की एकाएकी त्याला आपल्या हातांचा साक्षात्कार होतो. ते फार लांब आहेत, फार जड आहेत आणि मुख्य म्हणजे अगदी निरुपयोगी आहेत, असे त्याला वाटू लागते.

शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या तालमीत सातवीतला एखादा मुलगा पहावा. त्याच्याकडे प्रधानाचे काम आलेले असते. तो हात पाठीमागे बांधतो. मग त्याला वाटते, आपण प्रधान दिसत नाही, कवायतीतले शिपाई दिसतो. तो हात छातीवर बांधतो. तेव्हा प्रधान राजावर रुसल्यासारखा दिसतो. खिशात घालावे, तर प्रधानाच्या अंगरख्याला खिसा असावयाचा नाही. शेवटी तो सदऱ्याचे टोक बोटांत धरतो आणि प्रवेश संपेपर्यंत ते पिळीत राहतो. त्याने भाषणातला एक शब्दही गाळलेला नसतो. पण पाहणाऱ्यांना भाषणातले काही आठवत नाही, सदऱ्याचे ते बिचारे टोक मात्र आठवते.

अशा वेळी, "अरे, हात मोकळे सोड!" असे ओरडून सांगणारे पुष्कळ भेटतात. याहून वाईट सल्ला शोधून सापडणार नाही. ज्या गोष्टीकडे मुलाने मुळीच लक्ष देऊ नये, नेमके तिच्याचकडे त्याचे लक्ष आपण वेधतो. नाटकाचा तास जाणत्या शिक्षकाच्या हाती असला, तर तो हातांविषयी बोलतच नाही. तो हातांना काम देतो. "तुझ्यासमोर सुपात मटारच्या शेंगा आहेत असे समज, आणि त्या सोलीत सोलीत तुझे भाषण म्हण," असे तो सांगतो. आरंभी मुलगा नुसती हवा चिवडतो. "दाणे कोठे पडले? सालपटे कोणत्या बाजूला टाकतो आहेस? ही शेंग कोवळी की निबर?" असे प्रश्न येऊ लागले, की हळूहळू त्याच्या बोटांत शेंगेची लांबी येते, अंगठ्याच्या नखाने शिवण उसवण्याचा जोर येतो. मध्येच एका शेंगेत अळी निघते आणि तो दचकून हात झटकतो. वर्ग हसू लागतो. प्रधानाचे भाषण एव्हाना आपोआप, शहाण्या माणसाच्या बोलण्यासारखे होऊ लागलेले असते. शेंगा प्रत्यक्ष प्रयोगात असावयाच्या नाहीत. पण हाताला एकदा स्वस्थता लागली, की ती शेंगांवाचूनही टिकते.

हातांची ही तक्रार फार जुनी आहे. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकात राजपुत्र नटांना चार गोष्टी सांगतो, त्यांत हातांनी उगाच हवा कापीत राहू नका ही एक आहेच. गोपाळ गणेश आगरकरांनी 1883 साली ‘विकारविलसित’ या नावाने या नाटकाचे मराठी भाषांतर प्रसिद्ध केले, आणि शाहूनगरवासी नाटक मंडळीचे गणपतराव जोशी यांनी त्यातील राजपुत्राची भूमिका गाजविली. म्हणजे, तीनशे वर्षांपूर्वी लंडनच्या नटांना दिलेली ताकीद एका मराठी नटाने मराठी प्रेक्षकांसमोर पुन्हा दिली; आणि आजही आपल्या शाळाशाळांतून ती द्यावीच लागते.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. शरीराच्या हालचालींनी होतो तो आंगिक, वाणीने होतो तो वाचिक, वेष, अलंकार व रंगभूषा यांनी साधतो तो आहार्य, आणि मनाच्या एकाग्रतेतून उमटतो तो सात्त्विक. शाळेतील नाटकात हा सारा क्रम आहार्यापासून सुरू होतो. नाटक कोणते हे ठरण्यापूर्वीच मुकुटाला सोनेरी कागद कोण आणणार, याची चर्चा रंगते. कापसाची दाढी डिंकाने चिकटविली की आपण वाल्मीकी झालो, असे दाढी लावणाऱ्याला मनापासून वाटते. मग नेमक्या शाप देण्याच्या वेळी दाढीची एक बाजू सुटते, आणि ऋषीचा एक हात शापाला व दुसरा दाढीला असा विभागला जातो. आहार्य अभिनयाला कमी लेखण्याचे कारण नाही. पण नाटकाच्या तासाला पहिले काही आठवडे मुकुट, दाढी आणि तलवारी यांना वर्गाबाहेर ठेवलेले बरे.

सात्त्विक अभिनयाविषयी बोलताना शास्त्रकारांनी आठ सात्त्विक भाव मोजून दाखविले आहेत: अंग ताठून जाणे म्हणजे स्तंभ, घाम म्हणजे स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप म्हणजे वेपथु, चेहऱ्याचा रंग उडणे म्हणजे वैवर्ण्य, अश्रू आणि शुद्ध हरपणे म्हणजे प्रलय. थोरथोर नटांना जे साधावयास वर्षे लागतात ते हे आठ भाव. मौज अशी, की तिसरी घंटा झाली असता विंगेत उभ्या असलेल्या आठवीतल्या मुलीच्या ठिकाणी यांतले निदान सहा भाव न शिकविता प्रकट होतात! तळहात ओले, अंगावर काटा, ओठ पांढरे, गुडघे लटपटणारे, आवाज घशात अडकलेला, आणि पाय तर जागचे हलावयास तयार नाहीत.

ही भीती म्हणजे भित्रेपणा नव्हे, हे मुलांना कोणीतरी सांगावयास हवे. संकट दिसले की शरीर पळण्याची किंवा झुंजण्याची तयारी करते. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या लहानशा ग्रंथी रक्तात एक स्राव सोडतात, काळीज भराभर धडधडू लागते, पायांच्या स्नायूंकडे अधिक रक्त धावते. रानात वाघ दिसला असता हे सारे उपयोगाचे. परंतु रंगमंचावर पळावयाचे नसते, उभे रहावयाचे असते. पळण्यासाठी आलेली ती शक्ती मग गुडघ्यांतून थरथरत राहते. श्वास सावकाश, मोजून, लांबवर बाहेर सोडला म्हणजे शरीराला थोडी उसंत मिळते. पुष्कळ अनुभवी नटांनाही पडदा वर जाण्यापूर्वी हा कंप सुटतो. तो आला आहे हे ओळखून ते त्याला जवळ उभे राहू देतात, एवढाच काय तो फरक.

आता वाचिक अभिनयाकडे वळावे. कारण शाळेच्या नाटकांचा घात बहुधा येथेच होतो. आज ध्वनिक्षेपकामुळे काम सोपे झाले आहे असे वाटते. पण लोंबत्या माईकखाली सारी पात्रे गोळा होतात, आणि भीम व दुर्योधन एकमेकांकडे न पाहता त्या माईककडेच पाहून भांडतात, हे दृश्य कोणी पाहिलेले नाही? जुन्या मराठी नटांना हा आधार नव्हता. त्यांचा आवाज शेवटच्या रांगेतील माणसापर्यंत जावा लागे, आणि तो ओरडून जात नसे. ओरडल्याने आवाज मोठा होतो, पण शब्द फाटतात. आवाज लांब जातो तो श्वासावर. वर्गात मुलांना उताणे निजवून त्यांच्या पोटावर एकेक पुस्तक ठेवावे, आणि श्वास घेताना छाती न फुगविता पुस्तक वर उचलावयास सांगावे. भूगोलाचे पुस्तक पोटावर वर-खाली होताना पाहून प्रथम हशा पिकतो. मग वर्ग शांत होतो, कारण श्वास खरोखरच खोल जाऊ लागलेला असतो. ग्रीक वक्ता डिमॉस्थिनिस तोंडात खडे घेऊन बोलण्याचा सराव करी, अशी गोष्ट प्लूटार्कने लिहून ठेवली आहे. खड्यांची गरज नाही, किंबहुना ते गिळले जाण्याचाच संभव अधिक. पण जीभ आणि ओठ यांनाही व्यायाम लागतो, हे त्या गोष्टीतले मर्म खरे आहे.

मराठी बोलणाऱ्या नटासमोर याखेरीज एक खास मराठी अडचण उभी असते. आपल्या भाषेत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, आणि नकार तर त्याच्याही पुढे. आणि मुलांची सवय अशी, की वाक्याच्या आरंभी आवाज चढा असावयाचा व शेवट येईतो तो विहिरीत पोहरा सोडावा तसा खाली खाली जावयाचा. "महाराज, मी आपल्या भावाला मारले नाही" हे वाक्य घ्या. शेवटचा शब्द ओठांतच विरला, तर शेवटच्या रांगेतील प्रेक्षकांच्या दृष्टीने त्या निरपराध माणसाने सर्वांसमक्ष खून कबूल केलेला असतो, आणि तरीही राजा त्याला का सोडून देतो हे त्यांना अखेरपर्यंत उमजत नाही. म्हणून वाक्याचा शेवटचा शब्द हातात धरून पैलतीरी पोचवावयाचा, हा मराठी नाटकाच्या तासाचा पहिला पाठ असावा.

दुसरा पाठ आघाताचा. "गोपाळने काल माझा आंबा खाल्ला." पाच शब्दांचे साधे वाक्य. त्यातील एकेका शब्दावर क्रमाने जोर देऊन पाहावे. गोपाळवर जोर दिला तर दुसऱ्या कोणाची चोरी त्याच्यावर येते आहे की काय, असा वाद निघतो, ‘काल’वर दिला तर आज नव्हे, ‘माझा’वर दिला तर भांडण घरापर्यंत जाते, ‘आंबा’वर दिला तर पेरू खाल्ला असता तर चालले असते, आणि ‘खाल्ला’वर दिला तर आता परत मिळण्याची आशाच नाही. शब्द तेच, नाटके पाच. नक्कल पाठ करणे आणि भाषण समजणे यांतील अंतर मुलांना एवढ्यावरून कळते. ते व्याख्यानाने कळत नाही.

नक्कल हा शब्द मोठा गमतीचा आहे. नाटक मंडळीत प्रत्येक नटाला त्याच्या वाट्याचे भाषण उतरवून देत, त्याला नक्कल म्हणत. आणि दुसऱ्याची चाल, बोलणे हुबेहूब करून दाखविणे यालाही आपण नक्कल म्हणतो. या दुसऱ्या प्रकारात मुले उपजत पटाईत असतात. मुख्याध्यापकांचा खोकला प्रत्येक वर्गात कोणाला तरी येतोच. परंतु नाटकाच्या तासाला थोड्याच दिवसांत दिसून येते, की नकलाकार दुसऱ्याला बाहेरून पाहतो, आणि भूमिका करणाऱ्याला त्याच्या आत शिरावे लागते. म्हातारा करावयास सांगितला, की सारा वर्ग एकाच पद्धतीने पाठीतून वाकतो, काठीवर हात थरथरवतो आणि बोळक्या तोंडाने बोलतो. मग त्यांना एखाद्या रविवारी एसटीच्या स्थानकावर किंवा आठवड्याच्या बाजारात पाठवावे आणि म्हातारी माणसे नुसती न्याहाळावयास सांगावे. परत येतात ती मुले काहीशी विचारात पडलेली असतात. कारण खरा म्हातारा आपले म्हातारपण दाखवीत नाही. तो ते झाकतो. तो ताठ उभा राहण्याचा प्रयत्न करतो. बाकावर बसण्यापूर्वी तो नकळत मागे हात करून बाक चाचपतो. पायरी उतरताना तो बोलणे थांबवितो. एकदा हे दिसले, की काठी आणि थरथर यांची आवश्यकता उरत नाही. बसण्यापूर्वी मागे गेलेला तो एक हात पुरतो.

आणि येथे आणखी एक गोष्ट घडते. पाय ओढीत चालणाऱ्या एखाद्या वर्गबंधूची नक्कल करून हशा मिळविणारा मुलगा प्रत्येक शाळेत असतो. त्याच मुलाला, "तसे चालून ही पाण्याची कळशी जिन्यावरून वर घेऊन जा, एक थेंबही सांडू देऊ नकोस," असे सांगितले, तर चौथ्या पायरीवर त्याचे हसणे थांबते. सातव्या पायरीवर तो कठड्याला धरतो. वर पोचल्यावर तो काही बोलत नाही. त्याच्या ध्यानात काय आले हे त्याला विचारू नये.

अभिनयातील सर्वांत अवघड भाग बोलण्याचा नसून ऐकण्याचा आहे. शाळकरी नट समोरच्याचे भाषण संपण्याची वाट पाहत असतो. काही वेळा तर त्याचेही भाषण स्वतःच्या ओठांनी मुकाट्याने म्हणत असतो. आपली पाळी आली की एकदम जिवंत व्हावयाचे आणि ती संपली की पुन्हा दगड, असा त्याचा क्रम. विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ हा खेळ केला, तेथून मराठी रंगभूमीचा आरंभ मानतात. त्या काळच्या खेळांत कथाभाग सूत्रधार पदांतून सांगे, आणि पात्रे त्या प्रसंगाला अनुसरून आयत्या वेळी आपापली भाषणे करीत. पाठ केलेला शब्दच नाही. तेव्हा समोरचा काय म्हणतो ते ऐकल्यावाचून गत्यंतर नव्हते. आजच्या नाटकाच्या तासाला आयत्या वेळचा प्रवेश करावयास देतात, त्याचे हेच प्रयोजन. दोघांना पुढे बोलवावे. एक एसटीचा वाहक, दुसरा तिकीट हरवलेला प्रवासी. आणि करा म्हणावे सुरुवात. नियम एकच: समोरच्याने जे मांडले ते मोडावयाचे नाही. "आजी, गुडघा फार दुखतो आहे का?" असे एकाने विचारले आणि दुसरा, "मी आजी नाही, मी फौजदार आहे!" असे गरजला, तर नाटक तेथेच कोसळते. तोच जर गुडघ्याला हात लावून, "अरे बाळा, तिकीट शोधता शोधता धडपडले रे," असे म्हणाला, तर प्रवेश उभा राहतो. आपल्या मनात योजून ठेवलेला फौजदार सोडून देणे सोपे नसते. हुशार मुलांना तर ते फारच कठीण जाते.

नटाला खरोखर दुःख व्हावे काय, हा वाद जुना आहे. फ्रेंच पंडित दिदरो याचे मत असे, की श्रेष्ठ नट स्वतः शांत असतो, म्हणूनच तो दुसऱ्यांना रडवू शकतो. रशियात स्तानिस्लाव्हस्की याने 1898 साली नेमिरोविच-दान्चेन्को याच्यासह मॉस्को आर्ट थिएटरची स्थापना केली आणि पुढे आयुष्यभर नटांच्या शिक्षणाचा विचार केला. त्याच्या हाती लागलेली किल्ली म्हणजे ‘जर’ हा लहानसा शब्द. ‘मी दुःखी आहे’ असे मनाला बजावून दुःख येत नाही. ‘जर माझे असे झाले असते, तर मी काय केले असते?’ असे विचारले, की मन आपण होऊन कामाला लागते. 1936 साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात एका कल्पित नाट्यशाळेचा वृत्तान्त आहे. तेथे एका मुलीला पडद्याच्या चुण्यांत टोचून ठेवलेली पिन शोधावयास सांगतात. ती रंगमंचावर धावते, डोके धरते, उसासे टाकते, पडदे ओढते आणि मोठ्या आनंदाने खाली येते. पिन कोठे आहे हे विचारताच मात्र ती गोंधळते, कारण पिन शोधावयाची तिला आठवणच राहिलेली नसते! पिन सापडली नाही तर शाळा सोडावी लागेल असे समजताच ती पुन्हा वर जाते, आणि आता एकेक चुणी उलगडून, मुकाट्याने शोधू लागते. पाहणाऱ्यांचे श्वास रोखले जातात ते या वेळी. कोणत्याही वर्गात किल्ली किंवा दहा रुपयांची नोट लपवून हा प्रयोग करून पाहता येतो.

आपल्याकडे बालगंधर्वांची गोष्ट सर्वश्रुत आहे. 1911 साली मुंबईस खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता, आणि त्याच दिवशी त्यांच्या लहानग्या मुलीचे निधन झाले. तरीही त्या रात्री त्यांनी भामिनीची भूमिका केली. या गोष्टीचे कौतुक पुष्कळ होते, पण ती ऐकताना आठवीतल्या एखाद्या मुलीने, "त्यांनी प्रयोग पुढे का ढकलला नाही?" असे विचारले, तर तो प्रश्नही दाबून टाकण्याजोगा नाही. एका माणसाच्या आत त्या रात्री काय चालले होते, हे दिदरोही सांगू शकत नाही आणि स्तानिस्लाव्हस्कीही.

भामिनी एका पुरुषाने करावी हे आजच्या मुलांना नवल वाटते. त्या काळी नाटक मंडळ्यांतून बहुधा पुरुषच स्त्रियांच्या भूमिका करीत. 1933 साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक केले, त्यात ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या स्त्रियाच स्त्रियांच्या भूमिकांत उभ्या राहिल्या. बोलणेही घरातल्या माणसांसारखे ठेवले होते. पुढे 1959 साली सुधा करमरकर यांनी मुलांसाठी ‘लिटल थिएटर’ सुरू केले, पाठोपाठ रत्नाकर मतकरी यांची बालनाट्ये आली. आणि ‘अलबत्या गलबत्या’मधील चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनी रंगविली, तेव्हा पुरुषाने स्त्री व्हावयाचे ते आता केवळ गंमत म्हणून! मुले मात्र त्या चेटकिणीला खरोखर भ्याली.

शाळेतील नाटकात चांगल्या भूमिका कोणाला मिळतात? ज्याचा आवाज मोठा, ज्याचे पाठांतर पक्के आणि ज्याला मुळातच कसली भीती नाही, त्याला. म्हणजे, ज्याला नाटकाच्या तासाची गरज सर्वांत कमी, तो राजा. आणि जी मुलगी वर्षभर वर्गात एक शब्द बोललेली नाही, ती झाड. बक्षीस मिळविण्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण बोलताना अडखळणारी काही मुले दुसऱ्याच्या तोंडचे शब्द बोलताना कमी अडखळतात. सर्वांच्याच बाबतीत असे होत नाही, पण काहींच्या बाबतीत होते, आणि ते पाहिलेला शिक्षक पुढच्या वर्षी भूमिका वाटताना थोडा थांबतो. झाडालाही दोन वाक्ये देता येतात. किंवा झाड बोलत नसले, तरी त्याच्या सावलीत कोण बसते आणि काय बोलते हे ते सारा वेळ ऐकत असते, हे त्या मुलीला सांगता येते.

नुसते बसून ऐकणारा नायक रवींद्रनाथ ठाकुरांनी निर्माण केला आहे. 1912 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘डाकघर’ नाटकातील अमल हा आजारी मुलगा. वैद्याने त्याला बाहेर जाण्याची मनाई केली आहे, म्हणून तो खिडकीशी बसतो. रस्त्याने दहीवाला जातो, पहारेकरी जातो, फुले वेचणारी सुधा जाते. अमल त्यांना हाका मारतो, त्यांची हकीकत विचारतो. समोर राजाचे नवे टपाल कार्यालय उघडले आहे, आणि एक दिवस राजाचे पत्र आपल्याला येईल, या आशेवर तो असतो. ज्या मुलाला ही भूमिका करावयाची, त्याला धावता येत नाही, तलवार फिरवता येत नाही, रडावयाचेही नाही. खिडकीच्या चौकटीवर ठेवलेले दोन हात आणि रस्त्याकडे लागलेले कान एवढ्यावर सारे उभे करावयाचे.

पोलंडमधील वॉर्सा शहरात यानुश कोर्चाक नावाचे डॉक्टर आणि लेखक अनाथ ज्यू मुलांचे वसतिगृह चालवीत. दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनांनी शहरातील ज्यूंना एका भिंतीआड कोंडले, तेव्हा हे वसतिगृहही त्या भिंतीआड गेले. बाहेर जाण्याची बंदी, अन्न अपुरे, रस्त्यावर रोज मृत्यू. अशा स्थितीत 18 जुलै 1942 रोजी तेथील मुलांनी ‘डाकघर’चा प्रयोग केला. खिडकीशी बसलेला मुलगा बाहेर जाऊ शकत नाही म्हणजे काय, हे त्या मुलांना कोणत्याही शिक्षकाने समजावून देण्याची आवश्यकता नव्हती. हेच नाटक का निवडले असे विचारता, मुलांना मृत्यूकडे शांतपणे पाहता यावे म्हणून, असे कोर्चाक म्हणाल्याची आठवण सांगतात. तीन आठवडेही लोटले नाहीत तोच, ऑगस्टच्या आरंभी, सुमारे दोनशे मुलांना रांगेने चालवीत आगगाडीकडे नेण्यात आले. स्वतःचा जीव वाचविण्याची संधी कोर्चाक यांनी नाकारली आणि ते मुलांबरोबर गेले. ट्रेब्लिंका येथील छळछावणीतून त्यांतले कोणीही परत आले नाही.

प्रयोगाच्या त्या दुपारी सुधा झालेल्या मुलीने हातात काय घेतले असेल? भिंतीआड फुले मिळणे सोपे नव्हते. कदाचित कागदाची केली असतील. कदाचित रिकाम्या ओंजळीतच ती आणली असतील, आणि पाहणाऱ्यांना दिसलीही असतील.

आपल्या शाळांतील प्रयोग सुदैवाने निराळ्या वातावरणात होतात. पडदा पडतो; पडद्याच्या पलीकडे टाळ्या चालू असतानाच अलीकडे, "माझी वहाण कोणी नेली?" असा आरडाओरडा सुरू होतो. कोणी खोबरेल तेल चोळून तोंडावरचा रंग काढते, आणि तो कानामागे राहून जातो तो दुसऱ्या दिवशी वर्गात दिसतो. मुकुट पुढच्या वर्षासाठी कपाटावर जातात आणि त्यांच्यावर धूळ बसू लागते. प्रधानाचा अंगरखा ज्याच्या घरून आणलेला असतो त्याच्या घरी परत जातो. प्रधान झालेला मुलगा सोमवारी सायकलीवरून शाळेत येतो, फाटकापाशी कोणीतरी, "काय प्रधानजी!" अशी हाक मारते. तो एका हाताने सायकल सावरतो आणि दुसरा हात छातीशी नेऊन, किंचित वाकून मुजरा करतो.